चार वाजताची वाटी



"ताई, रिकोटा चालतो का हो?" हा प्रश्न या महिन्यात मला तिघींनी विचारला. एकीची सून जर्मनीत आहे. एकीची नात पुण्यात कुठल्याशा कॅफेत खाऊन आली. तिसरीला मोबाइलवर फोटो दिसला होता, पांढऱ्या वाटीत लोण्यासारखं मऊ काहीतरी आणि वर नासपतीच्या फोडी. आमच्या महिला मंडळात यावर लगेच दोन तट पडले. एक तट म्हणे, "पनीरच ते, त्यात काय एवढं बघायचं!" दुसरा म्हणे, "विलायती चीज म्हटलं की विषय संपला, नावसुद्धा काढू नका." मला दोन्ही पटत नाही. पण माझं मत सांगण्याआधी एक कबूल करायला हवं. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः पहिल्या तटात होते, आणि माझ्या घाईघाईच्या "चालेल गं"मुळे माझी लेक चार महिने जे खाऊ नये ते खात राहिली.

धाकटी लेक इटलीत बोलोन्याला शिकते. तिची खोली एका सत्तरी उलटलेल्या बाईंच्या घरात आहे. बाई एकट्याच असतात, मुलं दुसऱ्या शहरात. लेक त्यांना सिन्योरा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. पहिल्याच आठवड्यात लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, इथे दुपारच्या खाण्याला मेरेंदा म्हणतात. चार वाजले की सिन्योरा मला हाक मारतात. टेबलाशी बसायचं, उभ्यानं खायचं नाही."

मेरेंदा हा शब्द जुना, थेट लॅटिनमधला. त्याचा मूळ अर्थ साधारण 'जे कष्टानं मिळवायचं ते' असा. म्हणजे दिवसभर काम केलंत, आता हे तुमच्या हक्काचं. तिकडे हे मुख्यतः मुलांचं खाणं. शाळेतून आलेल्या पोराला पावावर लोणी-साखर, नाहीतर पावावर टोमॅटो चोळून थोडं तेल, नाहीतर नुसतं फळ. आणि घरात ताजा रिकोटा असेल तर दोन चमचे रिकोटा आणि त्या त्या दिवसांतलं फळ. ते लोक त्याला रिकोत्ता म्हणतात, 'त' वर जोर देऊन. शिजवणं नाही, फोडणी नाही, वाटी आणि चमचा एवढंच. आता तिथेही पाकिटातले गोड केक निघालेत. त्यांना मेरेंदीने म्हणतात, छोटी मेरेंदा. पोरं तेच मागतात. सिन्योरांचा त्यावर राग आहे. माझाही आपल्याकडच्या क्रीमच्या बिस्किटांवर आहे, त्यामुळे न भेटताच आमचं जमलं.

लेक गेली तो सप्टेंबर होता. अंजिरांचे दिवस. सिन्योरांनी पहिल्या दिवशी वाटीत रिकोटा, त्यावर फोडलेलं जांभळं अंजीर आणि वरून मधाची धार असं पुढे ठेवलं. तुम्ही हसाल, पण आपल्याला वर्ज्य असलेलं इतकं एकाच वाटीत क्वचितच येतं. लेकीनं मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं की मी अंजीर खात नाही, मधही नाही. आपल्या पोरींना हे लहानपणापासून पाठ असतं. वड, पिंपळ, उंबर, पाकर, अंजीर ही पाच फळं नाहीत, आणि मद्य, मांस, मधु नाही. पाठशाळेत बोटांवर मोजून घेतलेलं. सिन्योरांनी विचारलं, अंजीर का नाही? तिनं सांगितलं की त्यात किडे असतात असं आम्ही मानतो. बाईंनी हसून मान हलवली, ती वाटी स्वतःकडे ओढली आणि दुसऱ्या वाटीत नुसता रिकोटा घालून नासपती चिरून दिली.

त्या भागातली नासपती म्हणजे अबाते, लांब मानेची, तांबूस डागांची, पिकली की चमच्यानं खावी अशी. चीज आणि नासपती ही तर इटलीची लाडकी जोडी. त्यांच्यात एक म्हण आहे की चीजबरोबर नासपती किती छान लागते हे शेतकऱ्याला कळू देऊ नका. कळलं तर तो विकेल कशाला, असा त्यातला खवचटपणा. ही म्हण सिन्योरांनी लेकीला पहिल्याच दिवशी ऐकवली.

आणि त्याच रात्री लेकीनं मला फोन केला. अंजीर-मधाचं सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "आई, रिकोटा चालेल ना? सिन्योरा म्हणतात दुधाचंच आहे." मी तेव्हा दूध ओतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभी होते. म्हटलं, "चालेल गं. आपलं पनीरच ते." दहा सेकंदांत निकाल दिला. अंजिरासाठी मी तिला दहा वर्षं घडवलं होतं आणि रिकोटासाठी मी दहा सेकंद दिले.

डिसेंबरमध्ये या वाटीचं महत्त्व वाढलं. बोलोन्यात त्या महिन्यात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा काही प्रश्न नाही. सगळं गाव आठला जेवतं, आपली पोरगीही त्यांच्याबरोबर जेवू शकते. पण हिवाळ्यात रात्री न जेवणाऱ्या मुलीनं करायचं काय? सकाळी वर्ग, दुपारी ग्रंथालय, घरी येईतो तिन्हीसांजा. सिन्योरांना नियम समजला तशी त्यांनी चारची मेरेंदा साडेतीनवर आणली. वाटी मोठी केली, बरोबर पाव आणि अक्रोड ठेवायला लागल्या. म्हणजे जे त्यांचं मधल्या वेळचं खाणं तेच माझ्या लेकीचं रात्रीचं जेवण होतं. एक परकी बाई आपल्या पोरीचा नियम घड्याळ बघून सांभाळते आहे, हे ऐकून माझे डोळे भरून आले होते. आता हे लिहितानाही येतात. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

फेब्रुवारीत सिन्योरा तिला आपल्याबरोबर रिकोटा आणायला गावाबाहेरच्या डेअरीत घेऊन गेल्या. तो सगळा पट्टा पार्मिजानो रेज्जानो चीजचा. तांब्याच्या मोठमोठ्या कढया, घंटेसारख्या खाली निमुळत्या. आदल्या संध्याकाळचं साय काढलेलं दूध आणि सकाळचं ताजं दूध एकत्र करून तापवतात, मग त्यात विरजण आणि दूध बांधणारं एक द्रव्य घालतात. थोड्याच वेळात सगळी कढई खरवसासारखी थिजते. लेकीनं सहज विचारलं, हे काय घातलं? तिथल्या माणसानं लपवाछपवी न करता सांगितलं : काल्यो. वासराच्या पोटातलं.

काल्यो म्हणजे ज्याला इंग्रजीत रेनेट म्हणतात ते. अजून गवत न खाणाऱ्या, आईच्या दुधावरच असलेल्या वासराच्या चौथ्या जठरात एक पाचकद्रव्य असतं. आईचं दूध पोटात गेलं की ते दूध घट्ट करून धरून ठेवतं, म्हणजे वासराला ते नीट पचतं. हे मिळवायचं तर वासरू मारावं लागतं. तिथल्या दुभत्या कळपात जन्मलेल्या नर वासरांचं दुसरं काही होत नाही, त्यांचं मांस होतं आणि जठर चीजवाल्याकडे जातं. मला हे वाचल्यावर सर्वांत जास्त लागलं ते हे की जे वासराला आईचं दूध पचावं म्हणून दिलेलं, त्यानंच त्याच्या आईचं दूध आपण आपल्यासाठी बांधायचं. पार्मिजानोच्या नियमांत तर वासराचंच रेनेट सक्तीचं आहे. ग्राना पादानोतही वासराचं, आणि पेकोरिनो रोमानोत कोकराचं.

"पण रिकोटात रेनेट घालतच नाहीत," असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. इंटरनेटवरही हेच लिहिलेलं सापडतं. ते खरंही आहे आणि फसवंही. रिकोटा या शब्दाचाच अर्थ 'पुन्हा शिजवलेलं'. चीजचा गोळा काढून घेतला की कढईत हिरवट पिवळी निवळी उरते. ती ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवली की तिच्यात उरलेली प्रथिनं पांढऱ्या ढगासारखी वर येतात. कधी जरा आंबट घालतात. ते ढग झाऱ्यानं उचलून जाळीच्या टोपल्यांत निथळवले की रिकोटा झाला. दुसऱ्या वेळी रेनेट घालत नाहीत हे बरोबर. पण पहिल्या वेळी घातलेलं रेनेट गेलं कुठे? त्याचा बराचसा अंश त्या निवळीतच असतो. शिवाय ही निवळी त्याच चीजचं जोडउत्पादन. एका कढईतून चाळीसेक किलोची दोन चाकं काढायची, उरलेल्या निवळीचा थोडा भाग उद्याच्या विरजणाला, थोडा रिकोटाला आणि बाकीचा डुकरांना. त्या डुकरांचं पुढे पार्माचं प्रसिद्ध हॅम होतं. असा तो धंदा एकात एक गुंतलेला आहे. त्यातून एक पांढरी वाटी अलगद बाजूला काढून 'ही शुद्ध' म्हणता येत नाही.

आणि हे डब्यावर वाचायला मिळत नाही. रिकोटाच्या डब्यावर सिएरो दि लात्ते म्हणजे दुधाची निवळी, कधी दूध किंवा साय, मीठ आणि कधी सायट्रिक आम्ल एवढंच असतं. आपल्याकडचा हिरवा ठिपका तिकडे नाही. आपण ठिपका बघून निर्धास्त व्हायला इतके सरावलो आहोत की ठिपका नसलेल्या देशात काय विचारायचं हे आपण मुलींना शिकवलेलंच नाही.

त्या रात्री फोनवर लेकीनं तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "आई, तुला माहीत होतं का?" मी म्हटलं, नव्हतं. ती म्हणाली, "मग चालेल का म्हणालीस?"

यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे. पुढे चातुर्मासात जवळच्या गावी माताजी होत्या, त्यांच्यापुढे मी हे सगळं मांडलं. वाटलं होतं त्या म्हणतील, अजाणता झालं, एवढा दोष नाही. त्यांनी लेकीबद्दल तसंच म्हटलं. तिनं विचारलं होतं. माझ्याबद्दल मात्र एकच शब्द वापरला, प्रमाद. ज्याला विचारलं त्यानं न बघता सांगितलं. मी चार महिने पनीर सोडलं. शिक्षा म्हणून नव्हे, दर वेळी ताटात पनीर नाही हे दिसलं की आठवावं म्हणून.

आपल्यात एक म्हण आहे, उंबर फोडून केंबरं काढणं. नसत्या चौकशा करून मनस्ताप ओढवून घेणाऱ्याला लोक हे ऐकवतात. मंडळातही मला हेच ऐकवलं गेलं, "तुम्ही पण ना ताई, उंबर फोडून केंबरं काढत बसता." मला वाटतं, बाकी सगळ्या समाजानं ही म्हण वापरावी, आपण कशी वापरणार? आपल्या पूर्वजांनी उंबर खरोखर फोडून पाहिलं, आत केंबरं दिसली, म्हणून तर ते फळ सोडलं. आपला सगळा आहारच अशा फोडून पाहण्यातून आला आहे. पुढे आपण नुसती यादी पाठ केली आणि फोडून पाहणं सोडून दिलं. अंजीर यादीत आहे म्हणून नाही, रिकोटा यादीत नाही म्हणून चालेल.

दुसऱ्या तटाशीही माझं भांडण आहे. "म्हणून मुलींना परदेशी पाठवूच नये," असं एक बाई ठासून म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, पुण्यात पिझ्झा खाताना तुमच्या नातीनं चीजबद्दल विचारलं होतं का? गप्प झाल्या. आणि खरं सांगू, रेनेटकडे बोट दाखवताना आपल्या दुधाच्या पिशवीकडेही एकदा बघावं. आपल्या डेअरीच्या दुधामागच्या नर रेडकांचं काय होतं, हे आपण विचारतो का? पूर्वी घरचा गोठा होता, वासराला दोन सडांचं दूध ठेवून मगच चरवी आत यायची. आमच्या घरी खरवस कधी झाला नाही, तो वासराचा म्हणून. आता दूध दारात पिशवीतून येतं. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, मीही तेच दूध घेते. पण दोन्ही सारखंच म्हणून रेनेटही चालवून घ्यावं, हे मला मान्य नाही. एक दार बंद होत नाही म्हणून दुसरं सताड उघडं टाकत नाहीत.

आता कामाचं. ज्यांच्या मुली युरोपात आहेत त्यांनी काल्यो हा शब्द त्यांना नक्की शिकवा. काल्यो वेजेताले म्हणजे वनस्पतीचं, काल्यो मिक्रोबिको म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं. नुसतं काल्यो लिहिलं असेल तर प्राण्याचं समजून बाजूला ठेवावं. वनस्पतीचं रेनेट ही आजची टूम नाही. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन लेखकानं शेतीवरच्या ग्रंथात रानटी काट्याच्या फुलांनी आणि अंजिराच्या चिकानं दूध बांधता येतं असं लिहून ठेवलं आहे. अजूनही रोमजवळ एक चीज त्या जातीच्या फुलांवर बांधतात. कारखान्यातलं, टाकीत आंबवून केलेलं रेनेटही असतं. अमेरिकेत त्याला 1990 मध्ये परवानगी मिळाली. त्यातलं जनुक मूळ वासराचं, पण त्यासाठी वासरू मारावं लागत नाही. ते घ्यावं की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या महाराजांना, माताजींना विचारून ठरवावं, मी इथे परत घाईचा निकाल देणार नाही. मास्कारपोने हा इटलीचाच मऊ पदार्थ मात्र रेनेटशिवाय होतो. साय तापवून तिला आम्लानं घट्ट करतात. जड असतो, दोन चमचे पुरतात. इथे भारतात पाकिटबंद घेत असाल तर हिरवा ठिपका आणि घटक दोन्ही वाचा. कॅफेत विचारा. वाढणाऱ्या मुलाला माहीत नसेल तर आत जाऊन विचारून ये म्हणा. लाजू नका.

राहता राहिल्या सिन्योरा. लेकीला सगळ्यांत मोठी भीती ही होती. चार महिने जिनं प्रेमानं वाटी भरली तिला आता नको कसं म्हणायचं? मी म्हटलं, वाटी नको म्हण, बसणं नको म्हणू नकोस. साडेतीनला त्यांच्यासमोर बसायचंच. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्याच शेगडीवर एक लिटर साईसकट दूध उकळीला आणलं, गॅस बंद करून दोन चमचे लिंबाचा रस थेंब थेंब घातला, ढवळाढवळ न करता दहा मिनिटं झाकून ठेवलं आणि फडक्यात पंधरा मिनिटंच टांगलं. पनीरसारखं वजन ठेवून दाबायचं नाही, पाणी थोडं राहू द्यायचं, तरच ते चमच्यानं उचलण्याइतकं मऊ राहतं. वर नासपती आणि मधाऐवजी आमच्याकडून नेलेल्या गुळाचा चुरा. हे तुम्हीही घरी करून बघा. पेरू, चिकू, पिकलं केळं, काहीही चालतं. अष्टमी-चतुर्दशीला ज्यांना हिरवं नसतं त्यांनी फळाऐवजी बदाम घालावेत. उरवून दुसऱ्या दिवशी खाण्याचा हा पदार्थ नाही, तेवढंच करा.

सिन्योरांनी चाखलं. म्हणाल्या, "छान आहे, पण हा रिकोत्ता नाही. एकदाच शिजलाय." त्यांचं बरोबरच होतं. मग वासराची गोष्ट लेकीनं हळूच सांगितली. त्या जरा वेळ गप्प बसल्या. त्यांचं लहानपण शेतावर गेलेलं, वासरं कुठे जातात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी रिकोटा सोडला असं काही झालं नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नाही. पण तेव्हापासून लेकीसाठी लिंबं घरात असतात.

परवा फोन झाला तेव्हा विन्योलाच्या चेरी बाजारात आल्या होत्या. सिन्योरा मागून काहीतरी ओरडून सांगत होत्या. मी विचारलं, काय म्हणतात? लेक म्हणाली, "विचारतायत की तुझ्या आईचा गूळ संपलाय, पुढचा कधी येणार?" सांगलीचा गूळ बोलोन्याला पाठवायला कुरिअरवाला किती घेतो हे मी आज विचारून आले. गुळापेक्षा खर्च जास्त आहे. दोन किलोची ढेप बांधून ठेवली आहे.